कात्रणाची पाठ

पहाटे ५.३०

डेन्व्हरला जानेवारीत साडेपाचला अजून रात्रच असते. बर्फ सारणारी गाडी रस्त्यावरून खरडत गेली की मला जाग येते. वाईत तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, आणि घाटावर फिरायला निघण्याआधी बाबा फोन करतात. बाबांनी चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले. ऑफसेट आलं, संगणक आला, छापखाना बंद पडला. पण अजूनही लग्नपत्रिका हातात आली की ते नावं नंतर वाचतात. आधी पत्रिका तिरपी धरून ओळी सरळ आहेत का बघतात.

मागच्या आठवड्यात ते त्र्यंबकेश्वरला जाऊन आले. आज त्याचंच कौतुक चाललं होतं. "अगं, उपाध्यांना गाव आणि आडनाव सांगितलं. त्यांनी वही काढली आणि दहा मिनिटांत माझ्या आजोबांची सही पुढ्यात. मोडीत! बरोबर कोण कोण आलं होतं तेही लिहिलेलं. तुमच्या तिकडच्या लोकांना असं कोण दाखवतं?"

"जुनी वर्तमानपत्रं दाखवतात, बाबा. त्याचेच तर मला पैसे मिळतात."

लोकांच्या घराण्यांचा माग काढून देणं हा माझा धंदा. १८५८-५९ मध्ये इथे सोनं सापडल्याची आवई उठली आणि माणसं लोटली. कुणी ओहायोहून, कुणी कॉर्नवॉलहून, कुणी जर्मनीहून. कोलोराडो राज्य झालं ते १८७६ साली. मधल्या काळात या माणसांची नोंद ठेवायला ना कुलकर्णी होता ना उपाध्ये. पण दोनशे उंबऱ्यांच्या खाणगावातही एक छापखाना असायचा. त्या छापखान्यांतून निघालेल्या चार पानी साप्ताहिकांत माझे दिवस जातात, आणि त्यातही जास्त वेळ जातो गुन्ह्यांच्या बातम्यांत. गरीब माणूस जन्मला, लग्न केलं, मेला, तरी तो छापून येईलच असं नाही. पण त्याच्या घरी चोरी झाली, तो साक्षीला उभा राहिला, पंच म्हणून बसला, की त्याचं नाव हमखास खिळ्यांत यायचं.

काल रात्री आलेल्या एका कात्रणाचं मी बाबांना सांगितलं. ओहायोतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या घरी ते बायबलच्या पानांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं आहे. तारीख नाही, पत्राचं नाव नाही.

"मागे काय छापलंय?" बाबांनी विचारलं.

"मागची बाजू पाठवलीच नाही त्यांनी."

"मग आधी ती मागव. कात्री एकाच बाजूचा मजकूर बघून चालते, बाळा. दुसऱ्या बाजूचं मुंडकं कुठे उडालं, तिला काय त्याचं!"

सकाळी ७.००

चहाबरोबर पहिलं काम तेच केलं. कात्रण उलटं करून त्याचा फोटो पाठवा, असं बाईंना लिहिलं. मग त्यांची मूळची मेल पुन्हा वाचली. घरात चालत आलेली कथा अशी, की त्यांच्या पणजीचे वडील कोलोराडोच्या डोंगरांत घोडेचोर होते आणि त्यांना झाडाला टांगलं. मेलचा सूर मात्र लाज वाटल्याचा नव्हता. नातवंडांना ही गोष्ट फार आवडते, असं त्यांनी आवर्जून लिहिलं होतं.

पुरावा म्हणजे हे कात्रण. बोटाएवढ्या रुंदीचा स्तंभ, नऊ-दहा ओळी. पहिल्याच ओळीत खापरपणजोबांचं नाव आणि पुढे 'मंगळवारी रात्री' एवढे शब्द. मग शेरीफ आणि दोन माणसं त्याच्या मागावर खिंड ओलांडून गेली, नदीच्या उतारापाशी त्याला घोड्यासकट धरलं, आता तो तुरुंगात असून डिस्ट्रिक्ट कोर्ट भरायची वाट बघतो आहे, असा मजकूर. फाशीचा शब्द कुठेच नाही. १८८० च्या दशकात इथे घोडेचोरीला कायद्याची शिक्षा होती ती तुरुंगाची. टांगलंच असेल तर ते जमावाने, आणि जमावाने टांगलं की ती बातमी पुढे चार गावांच्या पत्रांत जायची.

खापरपणजोबांचं नाव इथे देत नाही. घराणं त्यांचं आहे, माझं नाही.

सकाळी ७.४५

वर्तमानपत्राआधी जनगणना. अमेरिकेत दर दहा वर्षांनी ती होते, आणि वंशशोधकाच्या दृष्टीने त्यातलं एक दशक जळालेलं आहे. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ साली वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत गेले. म्हणजे १८८० नंतर माणूस दिसतो तो थेट १९०० मध्ये, आणि त्या वीस वर्षांत तर हा सगळा मुलूख घडला. कोलोराडोचं नशीब एवढं, की १८८५ मध्ये राज्याने वेगळी जनगणना करून घेतली होती.

तिच्यात हे गृहस्थ सापडले. सॅन वान डोंगरांतल्या एका काउंटीत खाणकामगार, बायको, वर्षाची एक मुलगी. ही मुलगी म्हणजे बाईंची पणजी. १९०० मध्ये बायकोच्या नावापुढे 'विधवा'. म्हणजे कात्रण मधल्या पंधरा वर्षांतलं असू शकतं. साप्ताहिकाचे वर्षाला बावन्न अंक. सातशे ऐंशी अंक झाले. डोळे फुटतील.

सकाळी ८.३०

आधी यंत्राला विचारून पाहिलं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिक्लिंग अमेरिका' या संग्रहात दोन कोटींहून जास्त जुनी पानं घरबसल्या फुकट वाचता येतात. कोलोराडो राज्याचाही स्वतःचा असाच संग्रह आहे. नाव टाका, बटण दाबा. ऐकायला सोपं वाटतं. पण आपण शोधतो ते पानावरचं अक्षर नसतं. यंत्राला ते अक्षर जसं वाटलं तसं असतं. खिळा झिजलेला, शाई फाकलेली, फिल्म काळवंडलेली, घडीची रेघ नेमकी नावावरून गेलेली. मग आर आणि एन मिळून एम होतो, सी चा ई होतो. राज्याच्या संग्रहात वाचकाला चुका दुरुस्त करता येतात. मी रोज चार ओळी दुरुस्त करते. घाटाची पायरी झाडल्यासारखं वाटतं.

आणि यंत्राने बरोबर वाचलं तरी मुळात छापलेलं नाव बरोबर होतं कशावरून? वार्ताहराने कानाने ऐकलं तसं लिहिलं, जुळाऱ्याने दिसलं तसं लावलं. इथल्या सगळ्यांत गाजलेल्या गुन्हेगाराच्या नावाचाही अजून निकाल लागलेला नाही. तो कुठे आल्फ्रेड पॅकर म्हणून छापला आहे, कुठे आल्फर्ड. त्याच्या थडग्यावर आल्फ्रेड कोरलंय, लोकांच्या तोंडी आल्फर्ड बसलंय. मी शिकाऊ मुलांना पहिला धडा हाच देते: नाव चार तऱ्हांनी चुकवून शोधा, मग बरोबर लिहून शोधा.

मी या गृहस्थांचं आडनाव सहा तऱ्हांनी चुकवलं. काही मिळालं नाही. मग लक्षात आलं, की त्या गावच्या साप्ताहिकाची १८८० च्या दशकातली काही वर्षं अजून संगणकावर चढलेलीच नाहीत. म्हणजे मायक्रोफिल्म. म्हणजे लायब्ररी.

सकाळी १०.००

डबा पिशवीत टाकून गाडीने शहरात. पुलावरून चेरी क्रीक दिसतो. आज पाण्याच्या कडेला बर्फाची साय धरली होती. या ओढ्याच्या अलीकडे डेन्व्हर आणि पलीकडे ऑरेरिया अशी दोन भांडणारी गावं होती. विल्यम बायर्स नावाचा माणूस बैलगाडीतून छापयंत्र घेऊन आला आणि २३ एप्रिल १८५९ रोजी त्याने 'रॉकी माउंटन न्यूज'चा पहिला अंक काढला. त्याच दिवशी दुसऱ्याचंही पत्र निघालं; बायर्सने त्याला जेमतेम वीस मिनिटांनी मागे टाकलं म्हणतात. दुसरं पत्र त्या एका अंकावरच संपलं. पुढे बायर्सने दोन्ही गावांची मर्जी राखायला ओढ्याच्या कोरड्या पात्रात खांब रोवून त्यांवर कचेरी बांधली. तिथल्या मूळच्या अरापाहो लोकांनी ओढ्याला पूर येतो म्हणून बजावलं होतं. मे १८६४ मध्ये पूर आला आणि कचेरी छापयंत्रासकट वाहून गेली. पत्र मात्र जगलं. बंद पडलं ते २७ फेब्रुवारी २००९ रोजी, दीडशे वर्षं भरायला दोन महिने राहिले असताना.

सकाळी १०.४५

डेन्व्हर पब्लिक लायब्ररीत पश्चिमेच्या इतिहासाचा विभाग आहे. तिथल्या वाचनयंत्रावर फिल्मचं रीळ चढवलं. एका हाताने चक्र फिरवायचं, डोळे पडद्यावर. पहिल्या तासाला मळमळतं, मग सवय होते.

तारीख कळेपर्यंत सातशे ऐंशी अंक बघायचे नव्हतेच. मी फक्त पत्राची चण समजून घेत होते. प्रत्येक पत्राची एक चण असते. खाणगावच्या साप्ताहिकाला बहुधा चारच पानं. त्यातली दोन कित्येकदा मोठ्या शहरातून आयती छापून आलेली: कथा, औषधाच्या जाहिराती, युरोपातल्या राजांची खबरबात. गावचा संपादक उरलेली पानं छापायचा. तिथे खाणीतून किती धातू निघाला, कुणाकडे पाहुणे आले, कोणत्या घसरंडीवर बर्फ कोसळलं. आणि शेवटी कायदेशीर नोटिसा. नवखे लोक नोटिसा सोडून देतात. मी तिथूनच सुरुवात करते.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने एकशे साठ एकर सरकारी जमीन मागता यायची. पाच वर्षं तिथे राहून कसली, तर नावावर. पण शेवटचा पुरावा देण्याआधी जवळच्या पत्रात जाहीर नोटीस द्यावी लागे आणि तिच्यात साक्षीदारांची नावं असत. साक्षीदार कोण? शेजारी, मेहुणा, गाववाला. एका नोटिशीत आपल्या भावकीच्या बैठकीत दिसावी तेवढी नाती दिसतात. कर थकलेल्यांची यादी, दिवाळखोरी, बेपत्ता नवऱ्याला घटस्फोटाचं समन्स. घरच्या कहाण्यांनी पोटात घातलेलं बरंच काही या बारीक टायपात असतं.

दुपारी १२.३०

तळघरातल्या जेवणाच्या जागेत पोळी, मटकीची उसळ आणि लिंबाचं लोणचं. समोर बसलेल्या शिकाऊ पोराने विचारलं, पॅकरच्या खटल्यात न्यायाधीश खरंच ते वाक्य बोलला होता का? हा प्रश्न वर्षातून पन्नास वेळा येतो.

गोष्ट अशी. १८७४ च्या फेब्रुवारीत सहा माणसं सोन्याच्या आशेने सॅन वान डोंगरांत शिरली. युट लोकांचा पुढारी युरे याने हिवाळ्यात जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. एप्रिलमध्ये पॅकर एकटाच बाहेर आला. ऑगस्टमध्ये आजच्या लेक सिटीजवळ बाकी पाचांची प्रेतं सापडली आणि पॅकरने जगण्यासाठी काय खाल्लं ते जगजाहीर झालं. तो सावाचच्या तुरुंगातून निसटला आणि नऊ वर्षांनी वायोमिंगमध्ये खोट्या नावाने राहताना धरला गेला. एप्रिल १८८३ मध्ये लेक सिटीत खटला होऊन त्याला फाशी ठरली. त्याच गावात वर्षापूर्वी शेरीफचा खून झाल्यावर जमावाने दोघांना पुलाला लटकवलं होतं, म्हणून पॅकरला गनिसनच्या तुरुंगात हलवलं. पुढे कायद्याच्या एका फटीमुळे १८८५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. १८८६ मध्ये गनिसनला नव्याने खटला होऊन चाळीस वर्षांची कैद झाली. 'डेन्व्हर पोस्ट'ने मोहीम चालवल्यावर १९०१ मध्ये त्याला पॅरोल मिळाला आणि १९०७ मध्ये तो वारला.

आणि ते वाक्य? या काउंटीत सातच डेमोक्रॅट होते, त्यातले पाच तू खाल्लेस, असं न्यायाधीशाने म्हटल्याचं कोलोराडोत पोरंसोरं सांगतात. न्यायाधीश गेरी यांनी असं काही म्हटलं नव्हतं. त्यांनी दिलेला निकाल लांबलचक, भारदस्त आणि जरा अलंकारिक होता, आणि तो पत्रांत छापलेला आहे. डेमोक्रॅटांचा विनोद डोलन नावाच्या एका दारूच्या गुत्तेवाल्याच्या खात्यावर जमा आहे. छापलेलं रिळांत राहिलं, गुत्त्यातलं गावभर झालं. बोल्डरच्या विद्यापीठाने तर १९६८ मध्ये आपल्या उपाहारगृहाला पॅकरचं नाव दिलं!

पोरगा हसला आणि त्याने आपलं सँडविच जरा निरखून पाहिलं.

दुपारी १.१५

ओहायोहून अजून उत्तर नव्हतं, म्हणून दुसरी फाईल उघडली. या कामात हसू येत नाही.

एका कुटुंबाला त्यांच्या पूर्वजाने १८६४ मध्ये लढलेल्या 'लढाई'ची वर्तमानपत्री हकीगत हवी आहे. तो शंभर दिवसांच्या बोलीवर थर्ड कोलोराडो कॅव्हलरीत भरती झाला होता. हकीगत सापडायला पाच मिनिटं लागतात. 'रॉकी माउंटन न्यूज'ने डिसेंबर १८६४ मध्ये कर्नल शिव्हिंग्टनच्या या पराक्रमाची तोंड भरून स्तुती केली आहे. पान स्वच्छ आहे, अक्षर न्‌ अक्षर लागतं.

२९ नोव्हेंबर १८६४ च्या पहाटे सँड क्रीकच्या काठी शायेन आणि अरापाहो लोकांचा तळ होता. आपण सरकारच्या संरक्षणात आहोत असं ते समजत होते. त्यांचा पुढारी ब्लॅक केटल याने अमेरिकेचा झेंडा उभारला होता. त्या दिवशी सुमारे दोनशे तीस माणसं मारली गेली. त्यात बायका, मुलं आणि म्हातारी माणसंच जास्त. कॅप्टन सायलस सोल याने आपल्या तुकडीला गोळी झाडायचा हुकूम दिला नाही, पुढे जे पाहिलं ते पत्रात लिहिलं आणि चौकशीत साक्ष दिली. एप्रिल १८६५ मध्ये याच डेन्व्हरच्या रस्त्यावर त्याला गोळी घालून मारलं. त्याच वर्षी काँग्रेसच्या समितीने या कत्तलीचा धिक्कार केला. शिक्षा कुणालाच झाली नाही.

घोडा चोरणाऱ्याला पत्राने गुन्हेगार म्हटलं आणि यांना वीर. असा अंक मी एकटा कधीच पाठवत नाही. स्तुतीचं पान, सोलची साक्ष आणि समितीचा अहवाल असं तिन्ही एकत्र लावून पाठवते, आणि वर लिहिते की तुमचा पूर्वज त्या पलटणीत होता एवढं कागद सांगतात. त्या सकाळी त्याने स्वतः काय केलं ते या कागदांत नाही. काही लोक यावर उत्तर देत नाहीत. फी मात्र चुकती करतात.

दुपारी २.४०

फोन वाजला. ओहायोहून फोटो.

कात्रणाच्या पाठीवर एक ओळ मधोमध, वर आणि खाली रेघ, चारी बाजूंनी कात्री अगदी जपून चाललेली. मजकूर एवढाच, की अमुक यांच्या पत्नीला मुलगी झाली. नाव ना बाळाचं, ना बाळंतिणीचं; त्या काळची पद्धतच तशी. अमुक म्हणजे अर्थात आमचे खापरपणजोबा.

बाबा, तुमच्या पायांवर डोकं.

कात्रण घोडेचोरीसाठी ठेवलेलंच नव्हतं. आईने लेकीच्या जन्माची ओळ कापून बायबलमध्ये ठेवली. पुढच्या कुठल्यातरी पिढीने ते उलट्या बाजूने वाचलं. मुलगी एकच, आणि तिच्या थडग्यावर मार्च १८८४ कोरलेलं आहे. सातशे ऐंशी अंकांचे चार झाले.

दुपारी ३.१०

मार्च १८८४ चं रीळ. पहिला अंक कोरा गेला. दुसऱ्यात तिसऱ्या पानावर, खाणीच्या बातम्यांच्या खाली जन्माची ओळ. पान उलटून चौथ्यावर गेले, त्याच उंचीवर बोट ठेवलं, आणि घोड्याची बातमी पूर्ण समोर आली. कात्रीने वरच्या दोन ओळी उडवल्या होत्या. त्यांत लिहिलं होतं, की गावात नव्याने आलेल्या एका भटक्या माणसाने तबेल्यातून तांबडा घोडा पळवला. घोडा कुणाचा? इंग्रजीत मालकाचं नाव वाक्याच्या शेवटाकडे येतं. स्तंभ अरुंद, ओळ तिथेच मोडली आणि मालकाचं नाव खालच्या ओळीच्या सुरुवातीला गेलं. नेमक्या त्याच सांध्यावर कात्री चालली. चोर वर राहिला, मालक खाली आला. आणि पुढे जिथे जिथे 'त्याला धरलं', 'तो तुरुंगात आहे' असं येतं, तो 'तो' मालकाला जाऊन चिकटला.

ज्यांचा घोडा गेला, त्यांनाच घराने घोडेचोर ठरवलं. फिर्यादीचा आरोपी झाला.

नाव नीट बघितलं तर त्यात एन च्या जागी यू छापलेला. जुळाऱ्याने खिळा उलटा लावला होता. यंत्राला हे नाव दहा वर्षांत सापडलं नसतं.

दुपारी ४.००

सापडलं की लगेच नाचायचं नाही. एका पत्राची बातमी म्हणजे एका माणसाचा शब्द. शेजारच्या खोऱ्यातल्या पत्राचा त्याच महिन्याचा अंक काढला. संपादक एकमेकांना अंक पाठवत आणि बिनदिक्कत मजकूर उचलत. याही बातमीचं तसंच झालेलं. फक्त डोंगर ओलांडताना एका घोड्याचे दोन झाले होते. मालकाचं नाव मात्र तेच, आणि या वेळी एन सरळ.

इथे दोन्ही पत्रांना खोटं सांगायचं कारण नव्हतं. असं नेहमी नसतं. ॲरिझोनाच्या टूमस्टोन गावात २६ ऑक्टोबर १८८१ रोजी ओ. के. कोरलजवळ गोळीबार झाला, तेव्हा गावातली दोन पत्रं दोन बाजूंची होती. 'एपिटाफ'चा संपादक जॉन क्लम हा गोळीबारात एका बाजूला असलेल्या अर्प भावांचा, 'नगेट' विरुद्ध पक्षाकडे झुकलेलं. एकच अर्धं मिनिट, आणि वाचणाऱ्याला वाटावं दोन वेगवेगळे गोळीबार झाले. अशा वेळी दोन्ही पत्रं बाजूला ठेवून आधी साक्षींचे कागद गाठावे लागतात.

म्हणून इथेही राज्याच्या दप्तरखान्याला विनंती पाठवली: त्या काउंटीच्या डिस्ट्रिक्ट कोर्टाची १८८४ ची नोंदवही, आणि कॅन्यन सिटीच्या तुरुंगाची कैद्यांची नोंदवही. भटक्याला शिक्षा झाली असेल तर तिथे त्याची उंची, डोळ्यांचा रंग, जन्मगावही मिळेल. त्याचंही घराणं कुठेतरी असेल.

निघता निघता गनिसन खोऱ्यातल्या जमिनीच्या नोटिसा चाळल्या. १८९१ च्या एका नोटिशीत चार साक्षीदारांपैकी तिसरा आमचा माणूस. म्हणजे घोडा गेल्यावर सात वर्षांनीही शेजारी त्याचा शब्द सरकारदरबारी चालवत होते. घोडेचोराचा कोण चालवेल?

संध्याकाळी ५.४५

घरी येऊन अहवाल लिहिला. प्रत्येक वाक्याखाली पत्र, तारीख, पान, स्तंभ. जे छापलेलं आहे ते वेगळं, मी जोडलेलं वेगळं. 'आईने कात्रण कापलं' हे मी जोडलेलं. वडिलांनीही कापलं असेल. तसं स्पष्ट लिहिलं.

संध्याकाळी ६.३०

बाईंना फोन केला. त्या थोडा वेळ गप्पच. मग म्हणाल्या, की आता नातवंडांना काय सांगू? धाकट्याने तर शाळेत या घोडेचोरावर भाषण केलं होतं.

हे दर वेळी होतं. जिवंत माणसाला भावकीत चोर नको असतो; शंभर वर्षांपूर्वी मेलेला दरोडेखोर मात्र हवा असतो. मी म्हटलं, तुमचा पूर्वज चोर नव्हता. त्याचा घोडा चोरीला गेला, तो शेरीफने परत आणला आणि त्याच अंकात त्याला लेक झाल्याचं छापून आलं. पाच-सहाशे वस्तीच्या गावात एकाच आठवड्यात एवढं घडलेला माणूस दरोडेखोरापेक्षा कमी नाही.

त्यांनी विचारलं, मग त्या बाळंतिणीचं नाव काय होतं? ते १८८५ च्या जनगणनेत होतं. मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि कागदावर लिहून घेत असल्याचा आवाज आला. ते गृहस्थ कसे वारले, हे आता उद्याचं काम.

रात्री १०.३०

वाईत सकाळचे अकरा. बाबांना सगळं सांगितलं. उलट्या एन चं ऐकून त्यांना मुलगी झाल्याच्या बातमीहून जास्त आनंद झाला. "बघ, म्हणजे तिकडचे जुळारीही आमच्यासारखेच!" म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आपल्या ट्रंकेतही तुझ्या आजीने ठेवलेली कात्रणं आहेत. आता जेवण झालं की काढतो आणि सगळी पालथी घालतो."

तुमच्याही घरी पोथीत, देवघराच्या फळीवर, आईच्या साड्यांच्या घडीत अशी कात्रणं असतील. कुणाचा दहावीचा निकाल, कुणाचा किरकोळ अपघात, कुणाची श्रद्धांजली. ती आजच बाहेर काढा. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. ज्यांना आठवतं ती माणसं आहेत तोवर विचारून पत्राचं नाव आणि तारीख वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. आणि यापुढे वर्तमानपत्राला कात्री लावाल तेव्हा वर दोन ओळी जास्त ठेवा.